एसटीतला बघण्याचा कार्यक्रम

सून बघायला लोकं जीप करून जातात, टोप्या घालून जातात, पोहं खाऊन येतात. मी एसटीनं गेले. एकटी, हातात मेथीची पिशवी घेऊन, घरात कुणाला न सांगता. त्यावरनं आमच्या अंथुर्ण्यात जे काय हसणं चाललंय ते चालू द्या. हसणाऱ्यांच्या घरात बी सुना हायत, आन त्या काय करतात ते मला सगळं ठावं हाय.

माझा एकुलता एक पोरगा, नागेश. लोणी देवकरला कंपनीत कामाला हाय. पोरगं सरळ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोष एकच, लग्न जमंना. पोरी बघायला जावं तर पोरीची आई पयलं इचारते, पुण्यात फ्लॅट हाय का? अवं, माझ्या सासऱ्याची सगळी हयात मेंढरांमागं गेली, दिवाळी झाली की गाव सोडायचं आन पावसाळ्याला परत यायचं. आता कुठं चार भिंती झाल्या, बागंत पेरू लागला. फ्लॅट कुठनं काढू, पेरूच्या झाडातनं? नागेशचं बाशिंग बांधायचं वय पुढं पुढं चाललं होतं आन केस मागं मागं.

अशात आमच्या आबाजीनं स्थळ आणलं. आबाजी म्हणजे आमच्या मालकांचा चुलतभाऊ, सोयरिकी जुळवायचा नाद हाय त्याला. म्हणला, "वहिनी, पोरगी कोऱ्हाळ्याची. रोहिणी नाव. एसटीत कंडक्टर हाय, बारामतीला. दुपारच्या इंदापूर गाडीवर असती, आपल्याच रस्त्यानं जाती. लोकं चांगली हायत, पण मानी. अट एकच, लग्नानंतर पोरगी नोकरी सोडणार न्हाय."

आमी व्हय म्हणलं. सोयरिकीच्या येळी माणूस काय बी म्हणतं. वरातीत घोडं नाचतं म्हणून ते रोज नाचतं व्हय?

"रविवारी पोहं ठरलंत," आबाजी जाताना उंबऱ्यात थांबून म्हणला, "आन वहिनी, तवर तोंड जरा आवरा. हे हुकलं तर माझ्याकडं दुसरं स्थळ न्हाय."

माझ्या तोंडाचं ह्यांना काय पडलंय कुणास ठाऊक.

आता मला सांगा, मेंढी घ्यायची तर आमी दात बघतो, पाय बघतो, चार पावलं चालवून बघतो. आन सून घ्यायची ती पोह्याचं ताट धरलेली बघून? पोह्याच्या येळी समद्याच पोरी खाली मान घालून बसतात. मी बी बसले होते. पुढं काय निघालं ते आमच्या मालकांना इचारा, ते सांगतील. म्हणजे मी जवळ नसले तर सांगतील.

म्हणून म्हणलं, पोरगी कामावर असताना बघायची. तिला कळू द्यायचं न्हाय मी कोण ते. शेजारच्या भामाबाईला सांगितलं, डोळ्याला औषध आणायला बारामतीला चाललेय. सकाळच्या गाडीनं गेले, स्टँडवर बसून भाकरी खाल्ली, आन दुपारी इंदापूरची गाडी फलाटाला लागली.

स्टँडवर ही झुंबड! मी काय आज पयल्यांदा एसटीत बसत न्हाय. दाराशी रेटारेटी करत बसले न्हाय, खिडकीतनं मेथीची पिशवी आत टाकली आन वरडले, "जागा धरलीय गं!" पिशवी पडली ती एका पोरीच्या मांडीवर. पोरीनं तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, नुसतं डोळं दिसत होतं, उन्हात आमच्याकडं समद्याच पोरी गुंडाळतात. दुसरी असती तर पिशवी बाहेर फेकली असती. हिनं पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली, वर हात ठेवला, आन दोघातिघांना परत पाठवलं. मी पोचले तवर पदर सुटला होता, केस इस्कटले होते, पण जागा माझी होती.

"बसा मावशी," पोरगी म्हणली. गुणी वाटली.

मंग कंडक्टर चढली. खाकी कापडं, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. मी तिला पायापासनं डोक्यापर्यंत बघून घेतलं. नागेशच्या मोबाइलवर रोहिणीचा फोटो बघितला होता मी, पण मोबाइलातल्या पोरी सगळ्या एकसारख्या गोऱ्यापान असतात, त्यावरनं भाऊ बहिणीला वळखणार न्हाय. ही जरा सावळी निघाली. असू दे म्हणलं. अंगानं उभीआडवी, आवाज खणखणीत. "पुढं सरका, पुढं सरका, मागं मोकळं हाय!" मागं मुंगीला जागा न्हवती.

ती आमच्यापाशी आली तशी मी परीक्षा चालू केली. "अंथुर्णं. पण मला तिकीट लागत न्हाय बाई. पंच्याहत्तर झाली मला."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आधार कार्ड दाखवा आजी."

आजी! साठी ओलांडून दोन वर्सं न्हाय झाली अजून, आन मला आजी म्हणतीय! "कार्ड घरी राहिलं," म्हणलं.

"मंग वय बी घरीच राहिलं. बायकांना अर्धं तिकीट असतं, ते घ्या." टकटक करून तिकीट काढलं आन हातात दिलं. आसपासची माणसं हसली. शेजारच्या पोरीनं स्कार्फच्या आत तोंड दाबून धरलं. तिनं कंडक्टरला कसलंसं कार्ड दाखवलं, कंडक्टरनं मान हलवली आन पुढं गेली. मी म्हणलं कॉलेजची असंल, पास असंल.

गाडी गावाबाहेर पडली, जरा वारं लागलं, तसा मला कंठ फुटला. घरात मालक बोलत न्हायत, नागेश शिफ्टवर, शेजारची भामाबाई बहिरी. बोलायला माणूस मिळालं की माझं रेडिओसारखं होतं, कान पिळला की चालू.

"तुला एक गंमत सांगू का गं?" मी पोरीच्या कानाशी लागले. "कुणाला सांगू नगं. ही कंडक्टर हाय ना, तिला मी सून करायला बघायला आलेय. तिला ठावं न्हाय."

पोरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळं हे एवढं मोठं झालं. "हिला? तुमी... अंथुर्ण्याच्या का?"

"व्हय. पोरगा लोणी देवकरला हाय."

"सुपरवायझर?" तिनं इचारलं.

"तुला कसं कळलं गं?"

"न्हाय, असंच. हल्ली समदेच असतात."

"कशाचा सुपरवायझर! कागदावर घातलंय आबाजीनं. मशीनवर उभा असतो दिवसभर. आन फोटो दिलाय तो बी जुना, केसाचा. आता हितनं हितपर्यंत मोकळं रान हाय." मी कपाळावर हात फिरवून दाखवला. "घोरतो बी. पण मनाचा लई चांगला हाय गं. रागानं एक शब्द बोलणार न्हाय. माझं ऐकून ऐकून त्याचं कान मेलेत ना, त्याला कुणाचंच काय वाटत न्हाय. बायकोला सोपं जाईल बघ."

पोरगी लई हसली. खिडकीकडं तोंड करून खांदं हलंपर्यंत हसली. मला बी बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण अनोळखी माणसापुढं मूठ उघडली तर काय बिघडतंय? ती तिच्या गावाला जाणार, मी माझ्या.

"मंग हिला नोकरी करू देणार का?" तिनं इचारलं.

हितं माझी जीभ घसरली. उचलली आन लावली टाळ्याला. "आत्ता व्हय म्हणलोय. एकदा अक्षता पडू दे. सहा महिन्यात राजीनामा द्यायला लावते. मी आजारी पडंन, मालकांना आजारी पाडीन, काय बी करीन, पण सून घरात बसवीन."

पोरीचं हसू बिसू सगळं गेलं.

"का वं मावशी?" ती म्हणली. "कामावर गेली तर काय वाईट हाय?"

आता खरं सांगायचं तर ह्या सवालाचं उत्तर मी मालकांना बी कधी दिलेलं न्हाय. "वाईट काय न्हाय गं. पण घर खायला उठतं. सकाळी दोघं बाप्ये जातात ते दिवस मावळता येतात. मी भिताडाशी बोलते, कोंबड्याशी बोलते. सून आणायची ती बी पिशवी अडकवून गेली तर घर परत रिकामंच की! मला सून पाहिजे ती भांड्याला आन भाकरीला न्हवं. मला सोबतीला पाहिजे."

असं बोलले आन मलाच भरून आलं. तिनं माझी मेथीची पिशवी आपल्या पायाशी सरळ करून ठेवली, सांडाय लागली होती ती.

भवानीनगरला गाडी थांबली आन एक बाई चढली, कडेवर लेकरू, हातात बोचकं. पुढच्या आमदारांच्या राखीव जागेवर कडक इस्तरीच्या पांढऱ्या कापडातला माणूस बसला होता, मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलत. कंडक्टर म्हणली, "भाऊ, जरा उठता का? ताईंकडं लेकरू हाय."

"ही जागा आमदारांची हाय. मी त्यांचाच माणूस हाय," तो म्हणला.

"आमदार आले की मी त्यांना देते जागा. ते यीस्तवर ताई बसतील. साहेबांना बी बरं वाटंल." बोलणं साखरंसारखं गोड, पण हटली न्हाय. माणूस उठला! मोबाइलावरचं बोलणं बी बारीक झालं. आख्खी गाडी हसली, बाई लेकरू घेऊन बसली.

बेलवाडीच्या फाट्यावर शाळंच्या पोरी उभ्या होत्या. गाडी आधीच फुटायला आलेली. डायवरनं वेग काय कमी केला न्हाय. गाडी थांब्यापुढं जायला लागली, तसा शेजारच्या पोरीचा हात आपोआप वर घंटीच्या दोरीकडं गेला. तवर कंडक्टरनं तिकडनं घंटी मारलीच होती. "थांबवा! त्या पोरी काय अंधार पडंपर्यंत हितंच उभ्या राहतील का?" डायवर पुटपुटला, पण ब्रेक मारला. पोरी पळत आल्या. कंडक्टरनं एकेकीला हाताला धरून वर वढलं, दप्तरं माणसांच्या मांड्यांवर वाटली. माझ्या मांडीवर दोन आली. त्यातली एक पोरगी आमच्या गावची निघाली. माझ्याकडं बघून हसली आन म्हणली, "ह्या ताई न्हायतर रोहिणीताई असल्या की आमाला घरी पोचायची काळजी नसते."

त्या गोंधळात ते बोलणं माझ्या कानावरनं गेलं. माझं ध्यान तिकडं कंडक्टरकडं होतं. आमच्या जातीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं वळवत आल्या, वाटंत नदी आली तर कोकरं कडेवर घेऊन पार केली. आन ही खाकीतली बया माणसांचा कळप वळवत होती, एक बी मागं ठेवत न्हवती. हिला मी चुलीपुढं बसवणार? आन कशासाठी, माझ्या बडबडीला कान पाहिजे म्हणून?

"न्हाय गं बाई," मी मोठ्यानं बोलले.

"काय न्हाय?" पोरगी म्हणली.

"हिची नोकरी न्हाय सोडवायची. हिला घरात बसवली तर बेलवाडीच्या पोरी मला शाप देतील. आपलं घर काय, आजवर भिताडाशी बोलले, पुढं बी बोलंन. पण माझी सून गाडी थांबवती, हे जरा भामाबाईच्या कानात वरडून सांगायला मिळंल."

पोरगी परत खिडकीबाहेर बघायला लागली. ह्या येळी हसत न्हवती. डोळं पुसत होती का काय, स्कार्फमुळं कळलं न्हाय.

अंथुर्णं आलं. मी दप्तरं पोरींना दिली, पिशवी उचलली, उतरले. माझ्यामागनं ती पोरगी बी उतरली. मी म्हणलं, "तू बी हितलीच व्हय? कुणाची गं?"

तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला आन इचारलं, "मावशी, म्हस्कूतात्यांचं घर कुठनं जायचं?"

म्हस्कूतात्या म्हणजे आमचं मालक. तोंड बघितलं आन मोबाइलातला फोटो आठवला. नाकातली मुरणी तीच. हनुवटीवरचा तीळ तोच.

आता गं बया! माझ्या हातातनं मेथी खाली गेली.

"मी रोहिणी," ती म्हणली. "ती प्रतीक्षा, माझी मैत्रीण. आज आमी ड्युटी बदलून घेतली. म्हणलं, सांगून गेलं की समदी घरं सारवलेली असतात, आधी एकदा गुपचूप बघून यावं."

गाडी अजून उभीच होती. दारात ती प्रतीक्षा सगळं बघत होती. तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तोंडावर हात ठेवून तिनं दोन घंट्या मारल्या आन गाडी निघून गेली. रस्त्यावर आमी दोघी आन मेथी.

सुपरवायझर सांगून झालं, टक्कल सांगून झालं, घोरणं सांगून झालं, राजीनामा सांगून झाला. अति शहाणी तिचा बैल रिकामा. पोरानं हाताची घडी घालून दम धरला होता, आन आईनं एका तिकिटात त्याचा संसार मोडला. मला तितंच रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं.

रोहिणी खाली वाकून मेथी गोळा करायला लागली. पिशवी भरता भरता म्हणली, "एकच सांगा. राजीनाम्याचं बोललात ते खरं, का नंतरचं बोललात ते?"

दुसरी येळ असती तर मी दहा सबबी सांगितल्या असत्या. पण हिला आता काय लपवायचं राहिलं होतं? "दोन्ही खरं हाय बाई. आधीचं भ्याले म्हणून बोलले. नंतरचं बघितलं म्हणून बोलले."

ती उठली. पिशवी माझ्या हातात दिली. "बरं. मी निघते."

"अगं, च्या तरी! घर तितं दिसतंय, त्या नारळाशेजारचं."

"प्रतीक्षाची संध्याकाळची गाडी मला न्यायचीय. येळेत न्हाय पोचले तर माझी गैरहजेरी लागंल आन तिला बी बोलणी बसतील." असं म्हणून रस्ता ओलांडून बारामतीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

आमच्याकडं पोरीकडचं माणूस च्या न घेता माघारी गेलं की समजायचं, संपलं. मी पिशवी घेऊन तशीच उभी. घरी जाऊन नागेशला काय सांगू? आबाजीला काय सांगू? तेवढ्यात इंदापूरकडनं, शेळगावच्या बाजूनं गाडी दिसली. भरलेली, माणसं दारात लोंबकळलेली. रोहिणीनं हात केला. डायवरनं पलीकडनं नुसता हात हलवला, मागनं दुसरी येतीय, असा. मागनं दुसरी कधी येती ते आमाला ठावं हाय.

मी रस्त्याच्या मधी गेले. कशी गेले मला इचारू नगा. पदर खोचला, मेथीची पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आन उभी राहिले. डायवरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलंना. मी बी हलंना. मेंढरांचा कळप रस्त्यावर असताना आमी ट्रक थांबवलेत, एसटीचं काय घेऊन बसलात! गाडी चार हातांवर येऊन थांबली.

"ओ म्हातारे, मरायचंय का?" डायवर डोकं बाहेर काढून वरडला.

"म्हातारी कुणाला म्हणतोस रं? दार उघड! माझ्या सुनंची ड्युटी हाय, तिला येळंत पोचायचंय!"

सगळी गाडी खिडक्यांतनं बघायला लागली. बोलून गेले आन मग कळलं काय बोलले ते. पोह्याचा पत्ता न्हाय, होकाराचा पत्ता न्हाय, आन मी भर रस्त्यात सून करून मोकळी. रोहिणी पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. कान लालबुंद झालं होतं तिचं. चिडली का लाजली, काय कळंना.

आत चढली, दारातली माणसं जरा सरकली. तिनं मागं वळून बघितलं. "आत्या," ती म्हणली.

बारामतीपासनं अंथुर्ण्यापर्यंत मी मावशी होते. आमच्याकडं आत्या सासूला म्हणतात.

"आत्या, रविवारी कोऱ्हाळ्याला या समदी. त्यांना म्हणावं, टोपी घालून येऊ नका, जे हाय ते ठावं हाय मला. आन सुट्टीच्या दिवशी मी घरातच असते, तवा तुमचं काय ऐकायचं ते ऐकंन. फक्त येताना कंडक्टरला वय खरं सांगा."

दोन घंट्या झाल्या आन गाडी गेली.

घरी आले तर आमचं मालक बागंतनं लवकर येऊन ओट्यावर बसलेलं. आख्ख्या गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. हसू दाबत इचारतात, "मंग? कशी वाटली पोरगी?"

म्हणलं, "मला काय इचारता? तिला इचारा, मी कशी वाटले."